काठीचा नंदीध्वज

सोलापुरात गड्ड्यावरचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतले, पाळणे उतरतात, दुकानं हलतात, पण आमच्या गल्लीतली सिद्धेश्वर यात्रा फेब्रुवारी संपेस्तोवर चालू असते. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच मानाची काठी, म्हणून झाडूचा लांब दांडा, टोकाला आईची जुनी ओढणी, बाराबंदी म्हणून बाबांचा पांढरा शर्ट. मागे तिघं-चौघं ‘हर्र बोला हर्र’ करत. दांडा कलला की ओरडा होतो, “मानाची काठी पडली बे! नीट धर!” झाडू पडला असं कुणीच म्हणत नाही.

पोरं चार ते सहा वर्षांची. त्यांच्या आयांचं म्हणणं एकच : दिवसभर नुसता खेळ, एक पान लिहायला बसवलं की पोट दुखतं.

लिहिण्याची तयारी मात्र त्या झाडूतच चालू असते. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ च्या एका व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचं उदाहरण घेतलं होतं. दीड वर्षाच्या बाळाला झाडू दिला तर ते झाडू लागतं. काय करायचं ते वस्तूच सांगते. पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी अर्थ वस्तूपासून सुटा होतो. दिसतो झाडू, पण मनात असतो नंदीध्वज, आणि मूल मनातल्याप्रमाणे वागतं. ‘क’ ही तरी काय, एक वेडीवाकडी रेघच. ती आवाजाच्या जागी उभी आहे हे कळायला मनाची हीच उडी लागते. मोठेपणीही ही ताकद आपल्याला सोडत नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, अशी आख्यायिका आहे. त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात आणि अख्खं सोलापूर अक्षता टाकायला जमतं.

इथे थोडा हात आखडता घ्यायला हवा. खोटं-खोटं खेळल्यानेच बुद्धी वाढते, असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांना २०१३ साली मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास तपासून थांबवलं. पुरावा तेवढा भक्कम नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कदाचित खेळ हा अनेक वाटांपैकी एक असेल. मला ते पटतं. पण मुलं ज्या वाटेने आपण होऊन पळतात, ती अडवायची कशाला?

भावनांचं म्हणाल, तर एक जुना रशियन प्रयोग मला फार आवडतो. मानुइलेन्को यांनी १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लहान मुलांना ‘न हलता उभं राहा’ असं नुसतं सांगितलं, तर थोड्याच वेळात चुळबुळ सुरू. ‘तू पहारेकरी आहेस’ म्हटल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ स्तब्ध राहिली. स्वतःला आवरण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो. चार वर्षांच्या पोराला ‘शहाण्यासारखा बस’ म्हणणं म्हणूनच जड जातं. नंदीध्वज धरलेला तोच पोरगा मात्र नाकावर माशी बसली तरी हात सोडत नाही.

तसंच सुईचं. दवाखान्यातून रडत आलेली मुलगी संध्याकाळी बाहुलीला दहादा टोचते आणि दर वेळी म्हणते, “झालं झालं, रडू नको.” सकाळी भीती तिच्यावर स्वार होती. आता सुई तिच्या हातात आहे. अशा वेळी ‘बिचारीला किती टोचतेस’ म्हणून बाहुली काढून घेऊ नये.

साहित्याला खर्च नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, पानं, खडे यांवर बालवाडी चालवली. आपल्याकडे चिंचोके आहेत, चादरीच्या कारखान्यातल्या रिकाम्या कांड्या आहेत. कमी पडतो तो मोठ्या माणसाचा चेहरा. ‘बुवाऽऽ कुक’ला बाळ हसतं, आपण हसतो, ते पुन्हा हसतं, या देवाणघेवाणीवर पुढचं सगळं उभं राहतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना काही वेळ बाळासमोर निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं. बाळांनी आधी हसून, हात हलवून आईला परत बोलावून पाहिलं, मग कळवळून मान फिरवली. मोबाईलमध्ये बघताना आपला चेहरा कसा असतो, ते एकदा आरशात बघावं.

दुसरी चूक उलटी. खेळात शिरायचं आणि परीक्षा घ्यायची : “ओढणीचा रंग कोणता? काठ्या किती?” मीही परवा तेच केलं. पोरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मिरवणुकीत जणू ट्रक घुसला होता. मग त्यातल्या छोटीने वाद मिटवला.

“काका, तुम्ही गर्दी व्हा. तिकडं कडेला.”

मी कडेला गर्दी होऊन उभा राहिलो.