पावसात तबला का उतरतो, आणि गठ्ठे का ठोकायचे नाहीत

जून लागला की आमच्या दुकानात एकच तक्रार, "मालक, तबला उतरलाय, पुडी हलकी दिली काय?" (उतरला म्हणजे सूर खाली गेला, आणि पुडी म्हणजे तबल्यावर चढवलेलं कातडं.) आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यातलीच काहीजण फाटलेली पुडी घेऊन येतात. दरवर्षी प्रत्येकाला तेच सांगतोय म्हणून शेवटी लिहूनच काढलं, तेवढं वाचा.

आवाज म्हणजे थरथर. चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, बोट पडलं की कातडं खालीवर थरथरतं, ते जवळच्या हवेला ढकलतं, ती हवा पुढच्या हवेला, असं करत करत धक्का तुमच्या कानापर्यंत येतो. हवा जागच्या जागीच मागंपुढं होते, धक्का तेवढा पुढं पळतो, सेकंदाला साधारण 345 मीटर. खासबागेत कुस्तीला लांब बसणाऱ्यांनी बघितलं असेल, हलगीवर काडी पडलेली आधी दिसते आणि कडकडाट जरा मागनं येतो. मग कानाचा पडदा त्याच वेगानं थरथरतो, त्याच्या मागची तीन बारकी हाडं ती थरथर शंखासारख्या आतल्या कानात पोचवतात आणि तिथनं नस मेंदूला कळवते.

आता सूर. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा, तबला नीट लागला असेल तर कातडं सेकंदाला साधारण 277 वेळा थरथरतं. पावसात कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं, थरथर मंदावते. 262 वर आलं की तुम्हाला सफेद एक, म्हणजे त्याच्या लगेच खालचा पांढऱ्या पट्टीचा सूर, ऐकू येणार. पुडी तीच आहे, हवा ओली झालीय. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट सगळ्यांना माहितीच आहे.

खरी चूक इथं होते. सूर चढवायला लोक सरळ गठ्ठे, म्हणजे वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, खाली ठोकतात, वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) ओढून कडक करतात, त्यावेळी तबला मस्त लागतो. पण मग तो तसाच कपाटात जातो, पाऊस संपतो, ऊन पडतं, कातडं वाळून आखडतं आणि आधीच ताणलेली पुडी अजून ताणली जाते, एका सकाळी बघावं तर चाटेजवळ फाटलेली. त्याला आमच्याकडं इलाज नाही, नवीनच पुडी बसवावी लागते. गॅसवर किंवा शेगडीवर शेकणं तर त्याहून वाईट, शाई, म्हणजे पुडीच्या मधला काळा गोल, सुटते.

त्यापेक्षा असं करा. थोडाच उतरला असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या विणलेल्या चामडी कड्यावर, वरनं हलक्या हातानं ठोका, समोरासमोरची घरं (गजऱ्याचे भाग) घेत सोळाही घरं सारखी करा, वाजवून झालं की गजरा खालनं ठोकून परत उतरवून ठेवा. कार्यक्रम असेल तर तबला दोन-तीन तास आधी त्याच खोलीत कव्हर काढून ठेवा. गठ्ठ्यांचं काम सूर बराच बदलायचा असेल तेव्हाच, आणि तेही जमत नसेल तर आमच्याकडं आणा की, नुसता सूर लावायचे आम्ही पैसे घेत नाही.

दुसरी तक्रार शाईच्या भेगांची. त्या बारीक भेगा आम्ही दगडानं घासून मुद्दाम पाडतो, नाहीतर शाई एकसंध कडक होऊन थरथर दाबून टाकेल. सर सी. व्ही. रामन यांनी 1920 साली यावर लिहिलं होतं, नुसत्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, मधल्या शाईच्या वजनानं ते जुळतात. म्हणून हलगीचा कडकडाट येतो आणि तबल्याचा सूर लागतो. भेग रुंद झाली, खपली निघायला लागली, किंवा आवाज खरखरतोय, तर मात्र लगेच दाखवा.

नवीन पुडीला आम्ही तीन दिवस मागतो, त्यावरून पण बरेचजण चिडतात. चढवल्यावर कातड्याची ओढ बसू द्यावी लागते, मग परत ताणायचं. त्याच दिवशी हातात दिली तर आठवड्यात सूर ढासळणार आणि नाव आमचं खराब होणार. गणपतीच्या आधी गर्दी असते, तेव्हा पंधरा दिवस अगोदर या, पुडी निवडायलाही वेळ मिळतो.

येताना तबल्याबरोबर चुंबळ, म्हणजे तबल्याखाली ठेवायचं कडं, आणि तुमची हातोडी पण आणा, तुम्ही ठोकताय कसं ते बघितल्याशिवाय काय चुकतंय सांगता येत नाही.