एका बाटलीत दोन औषधं: काचबिंदूच्या थेंबांची पार्श्वभूमी

काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवायला थेंब वापरणं सुरू झालं ते 1870 च्या दशकात, पायलोकार्पिनसारख्या औषधांपासून. पायलोकार्पिन दिवसातून चारदा घालायचं, बाहुली आकसायची, नजर अंधुक व्हायची; तरी शंभर वर्षं त्यावर मोठी भिस्त होती. 1978 मध्ये अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली. हे दिवसातून दोनदाच, आणि बाहुलीला त्रास नाही. पण थेंब डोळ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात मिसळतो, आणि श्वासनलिका आकसवतो, नाडी मंदावतो. म्हणून दमेकऱ्यांना आणि ज्यांची नाडी मुळात मंद आहे त्यांना ते चालत नाही.

1990 च्या दशकात डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडिन, लॅटानोप्रोस्ट अशी औषधं पाठोपाठ आली. एकाने भागेना म्हणून दोन-दोन, तीन-तीन बाटल्या सुरू झाल्या. खालच्या पापणीआड एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. दुसरा लगेच घातला की पहिला वाहून जातो, म्हणून मध्ये किमान पाच मिनिटं थांबायचं. रोज, दोन्ही डोळ्यांसाठी, हे किती जण पाळतील? शिवाय प्रत्येक बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह बुबुळाला झोंबतं ते वेगळंच.

1998 मध्ये अमेरिकेत डॉर्झोलामाइड-टिमोलॉल एकाच बाटलीत आलं. दाब चांगला उतरतो, पण द्रावण आम्लधर्मी असल्याने चुरचुरतं, तोंडही कडवट होतं. युरोपात नंतर आलेल्या ब्रिंझोलामाइड-टिमोलॉलने चुरचुर कमी होते. मात्र बाटली हलवून घ्यावी लागते आणि क्षणभर धूसर दिसतं. ब्रिमोनिडिन-टिमोलॉलला अमेरिकेत 2007 मध्ये परवानगी मिळाली. नुसत्या ब्रिमोनिडिनने होणारी डोळ्यांची अ‍ॅलर्जी या जोडीत कमी आढळते.

खरी गंमत लॅटानोप्रोस्ट-टिमोलॉलची. युरोपात ती सर्रास लिहून दिली जाते, अमेरिकेत तिला मान्यताच नाही. मुद्दा असा, की नुसतं लॅटानोप्रोस्ट रात्री एकदा घातलं तरी दाब इतका उतरतो, की टिमोलॉलची भर थोडकीच उरते. दिवसाला एकच थेंब पुरतो ही सोय मोठी, हे मात्र खरं.

या सगळ्या जोड्यांत टिमोलॉल ठाण मांडून होतं, म्हणजे दमेकरी बाहेरच. त्यांची सोय 2013 मध्ये ब्रिंझोलामाइड-ब्रिमोनिडिनने केली. अमेरिकेत ते दिवसातून तीनदा घालतात, युरोपात दोनदा. 2019 मध्ये नेटारसुडिल-लॅटानोप्रोस्ट आलं. तेही टिमोलॉलविना आणि रात्री एकदाच, पण डोळे लाल होण्याची तक्रार त्यात बरीच येते.