महागाई भत्ता वाढला म्हणून ईपीएसची पेन्शन वाढत नाही

केंद्राने महागाई भत्ता जाहीर केला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'आता ईपीएस-९५ची पेन्शनही वाढणार.' हे खरं नाही. ईपीएस-९५ म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या, मुख्यतः खासगी कामगारांची १९९५ ची पेन्शन योजना.

महागाई भत्ता सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि सरकारी निवृत्तांचा. तो ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेला असतो, जानेवारी आणि जुलैपासून लागू होतो. ईपीएसच्या पेन्शनला अशी कुठलीच जोड नाही. तिचं सूत्र एवढंच: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार १५,००० धरला आणि नोकरी १४ वर्षं झाली, तर महिना ३,००० रुपये. एकदा आकडा ठरला की डाळ-तेल कितीही महागो, तो आपोआप हलत नाही.

पैसा येतो पगारावरच्या मालकाच्या ८.३३ टक्के आणि केंद्राच्या १.१६ टक्के वाट्यातून, तोही सहसा १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंतच. वाढ द्यायची तर निधीचं मूल्यांकन बघून सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागतो. किमान पेन्शनचे १,००० रुपये सप्टेंबर २०१४ मध्ये लागू झाले. पुढची दहा वर्षं तेवढेच राहिले. गिरणी-कारखान्यांत आयुष्य घालवलेल्यांवर हा सरळ अन्याय आहे. म्हणूनच त्यांना खोट्या मेसेजची आशा लावू नका. पेन्शन महागाईशी जोडण्याची त्यांची मागणी पुढे पाठवा.