भूखंड-व्यवहारातील वेळनिवड : नागपूर

गुंतवणूक म्हणून भूखंड, गाळा वा शेतजमीन केव्हा घ्यावी आणि केव्हा मोकळी करावी, हे ठरविण्याचा नागपूर व परिसरातील व्यवहार. नागपुरात ‘प्रॉपर्टी’ म्हटले की आधी प्लॉट डोळ्यांसमोर येतो, फ्लॅट मागाहून. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या गाळ्यांवरून बांधलेले तेजी-मंदीचे आडाखे येथे अर्धेमुर्धेच लागू पडतात. येथील वेळ मुख्यतः जमिनीच्या कागदांवरून मोजली जाते. एकच जमीन आधी शेत, मग मंजुरीत अडकलेला लेआउट (प्लॉट पाडण्याचा आराखडा), मग मंजूर लेआउट आणि शेवटी ‘आरएल’चा (प्राधिकरणाचे पत्र मिळालेला; अर्थ पुढे पाहा) प्लॉट अशा अवस्थांतून जाते. प्रत्येक अवस्थेला भाव बदलतो आणि बहुधा मालकही.

कागदी टप्पे : शहराच्या नियोजनबद्ध वाढीचे काम 1936 च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यासाकडे आले, शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी 2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. पश्चिम महाराष्ट्रातून आलेला गिऱ्हाईक गट क्रमांक विचारतो, पण विदर्भात जमीन मौजा (गाव), पटवारी हलका (तलाठ्याचे क्षेत्र) आणि खसरा (भूमापन) क्रमांकाने ओळखली जाते. पहिल्या टप्प्यावरच, म्हणजे शेत असताना, घेणाऱ्याला भाव सर्वांत कमी पडतो. मात्र विदर्भासाठी 1958 चा स्वतंत्र कुळकायदा असून शेतकरी नसलेल्यास त्याखाली शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. म्हणून नोकरदार गुंतवणूकदार साधारणतः दुसऱ्या टप्प्यावर, इसारपत्र करून आणि हप्ते बांधून शिरतो. सर्वाधिक पैसे अडकतात तेही याच टप्प्यावर. ‘एनए-टीपी’ ही जाहिरातीतील जोडी अकृषिक परवानगी आणि नगररचना विभागाची नकाशामंजुरी अशा दोन गोष्टी सांगते. विकास योजनेत निवासी दाखविलेल्या जमिनीस आता वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज उरलेली नाही. शासकीय आकार भरला की पुरते. जाहिरातीतून मात्र ‘एनए’ ही अक्षरे गेलेली नाहीत.

‘आरएल’ची व्युत्पत्ती : हे आद्याक्षर नागपूरच्या जमीनबाजाराबाहेर फारसे कोणाला कळत नाही आणि त्याच्या अर्थाबद्दल खुद्द बाजारातही एकवाक्यता नाही. एका मताप्रमाणे ते ‘रिलीज लेटर’ होय. लेआउटला तात्पुरती मंजुरी मिळाल्यावर विकासकाने रस्ते, नाल्या, वीज व पाण्याची कामे पुरी करावयाची असतात. ती झाल्याची खात्री पटली की प्राधिकरण प्लॉट विक्रीसाठी मुक्त करते, आणि तेच हे पत्र. दुसऱ्या मताप्रमाणे ते ‘रेग्युलरायझेशन लेटर’ आहे. या मताचा आधार 2001 चा गुंठेवारी (गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडलेल्या जमिनींचा) कायदा. 1 जानेवारी 2001 पूर्वी पाडलेल्या अनधिकृत प्लॉटांना त्याने नियमित होण्याची वाट दिली. 2021 च्या दुरुस्तीने ही मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढविली. नागपुरात ‘572’ आणि ‘1900’ या नुसत्या आकड्यांनी ओळखले जाणारे अभिन्यास (लेआउट) याच कथेतले. तेथे प्लॉटधारकाने अर्ज करावयाचा, डिमांड नोट (शुल्काचे मागणीपत्र) भरावयाची आणि नियमितीकरणाचे पत्र घ्यावयाचे, अशी रीत आहे.

प्रस्तुत संकलकास पहिला अर्थ अधिक जुना असावा असे वाटते. मंजूर लेआउटची पद्धत गुंठेवारी कायद्याच्या आधीची आहे. दुसरा अर्थ 2001 नंतर त्याच अक्षरांवर चढला असावा. परंतु व्युत्पत्तीपेक्षा महत्त्वाचे हे की एका नावाखाली दोन निराळे कागद फिरतात आणि त्यांचे वेळापत्रकही निराळे असते. मुक्तिपत्र (रिलीज लेटर) विकासकाच्या कामांशी बांधलेले असल्याने भाव लेआउटभर एकदमच सरकतो; म्हणून जाणता विक्रेता ते हाती पडेपर्यंत थांबतो आणि जाणता घेणारा त्याच्या थोडे आधी, रस्त्याची खडी पडलेली पाहून येतो. नियमितीकरणाचे पत्र मात्र प्लॉटागणिक मिळते. शेजारशेजारच्या दोन प्लॉटांपैकी एकाला आरएल आणि दुसऱ्याला नाही, भावात मोठे अंतर, असे चित्र जुन्या वस्त्यांत नेहमीचे. जो प्लॉट मैदान, शाळा वा रस्त्याच्या आरक्षणात गेला आहे, त्याच्या बाबतीत वाट पाहून सहसा काही हाती लागत नाही. आरक्षण हटले तरच पुढची गोष्ट. डिमांड नोट भरल्याची पावती म्हणजे आरएल नव्हे, ही गल्लत विक्रेते हेतुपुरस्सर करतात, असे म्हणण्यास जागा आहे.

नझूल जमिनी : धरमपेठ, सिव्हिल लाइन्स आदी जुन्या भागांत भाडेपट्ट्याच्या शासकीय, म्हणजे नझूल जमिनी आहेत. ‘नझूल’ हा शब्द अरबी ‘उतरणे’ या धातूवरून आला असून सरकारकडे उतरलेली जमीन असा त्याचा अर्थ लावतात. येथे पट्ट्याच्या नूतनीकरणाची तारीख हेच विक्रीचे घड्याळ होय.

घोषणा आणि भाव : मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी 2002 मध्ये स्थापन झाली आणि वर्धा मार्गावरील खसऱ्यांना नवी ओळख मिळाली. मेट्रोचे भूमिपूजन ऑगस्ट 2014 मध्ये झाले, पहिला भाग मार्च 2019 मध्ये धावू लागला, आणि पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्ग 11 डिसेंबर 2022 रोजी खुले झाले. समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी भागाचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. घोषणा होताच घ्यावे आणि उद्घाटनाला विकावे, असे एक मत. दुसऱ्या मताने घोषणेच्या भावात पुढची आशा आधीच वसूल झालेली असते. मेट्रोचे उदाहरण घेतल्यास भूमिपूजन ते पूर्ण टप्पा यांत आठ वर्षे गेली. वार्षिक 7 टक्के चक्रवाढीने बँकेतील रक्कम आठ वर्षांत सुमारे 1.72 पट होते. प्लॉट तेवढा वाढला तर नुसती बरोबरी झाली, आणि कुंपण, कर, राखण हा खर्च वेगळाच. दुसरे मत अधिक सावध आहे. हिंगणा तालुक्यातील गोधनी (रिठी) व लाडगाव येथील ‘नवीन नागपूर’ या नियोजित व्यापार केंद्राला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. अशा वेळी संपादनाच्या रेषेच्या आत जमीन घेणाऱ्याला संपादनाचा मोबदला मिळतो आणि रेषेच्या बाहेर घेणाऱ्याला बाजारभाव, हा फरक नकाशा पाहिल्याखेरीज कळत नाही.

कर व मुद्रांक : 24 महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या मालमत्तेवरील नफा दीर्घकालीन ठरतो. 23 जुलै 2024 पासून त्यावर 12.5 टक्के कर असून महागाई निर्देशांकाची सूट गेली. त्यापूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय आहे. भाव मंद वाढलेल्या जुन्या प्लॉटास हा पर्याय बहुधा लाभतो. हप्त्याने घेतलेल्या प्लॉटाचे 24 महिने कोणत्या तारखेपासून मोजावे, यावर वाद होतात. नुसत्या इसारपत्राच्या तारखेवर विसंबणे धोक्याचे. 2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सुमारे 24 लाख होती. दहा लाखांवरील शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरपलीकडील शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र जवळच्या छोट्या नगरपालिकांची हद्दही मोजावी लागते, आणि प्लॉट पाडले की ही सवलत टिकविणे अवघड होते.

मुद्रांक कायद्यात ‘गुंतवणूकदार’ स्वतंत्रपणे ओळखला आहे. विकासकाकडून घेतलेला गाळा करारनाम्याच्या अवस्थेतच, ठरावीक मुदतीत पुढे विकल्यास आधी भरलेल्या शुल्काची वजावट मिळते. ती मुदत पूर्वी एक वर्ष होती, 2022 मध्ये तीन वर्षे झाली. महिलांना 2021 पासून घरखरेदीच्या शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्या घराची 15 वर्षे पुरुषाला विक्री न करण्याची अट 2023 मध्ये निघाली. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आणले होते. एप्रिल 2022 पासून नागपुरात मेट्रो अधिभार आहे. रेडीरेकनरचे (मालमत्तेच्या शासकीय मूल्यतक्त्याचे) नवे दर सामान्यतः 1 एप्रिलला लागतात, म्हणून मार्चअखेर रजिस्ट्रीला गर्दी उसळते.

मुहूर्त व ऋतू : इसार पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला वा दसऱ्याला देण्याची प्रथा आहे, पितृपक्षात व्यवहार थंडावतात, आणि रोख पैसा तयार असलेला घेणारा घासाघीस तेव्हाच करतो. काळ्या मातीच्या प्लॉटात पाणी कोठे साचते हे पावसाळ्यातच दिसते. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले होते.