स्वस्तातला फॉरवर्ड आणि टक्केवारीची भूल

हॉकी म्हटलं की आपल्याला खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. इथे विषय आहे बर्फावरच्या हॉकीचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचा. तिथे दर हंगामात एक चर्चा हमखास रंगते: दुय्यम लीगमध्ये वर्षानुवर्षं काढलेला, दोन-तीन संघांनी सोडून दिलेला एखादा फॉरवर्ड किरकोळ पगारात मिळतो, अचानक गोलांचा धडाका लावतो, आणि मग प्रश्न येतो की याला पहिल्या लाइनवर खेळवायचं का? एक बाजू म्हणते, 'तो फॉर्मात आहे.' दुसरी म्हणते, 'फिरस्ता तो फिरस्ताच.' मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, कारण दोघंही एकाच आकड्याकडे बघत असतात, आणि तो आकडा फसवा आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. तीन फॉरवर्ड मिळून एक लाइन होते आणि संघाच्या चार लाइन असतात. जेमतेम पाऊण मिनिट खेळलं की लाइन बदलते. पहिल्या लाइनला सर्वांत जास्त वेळ मिळतो आणि अर्थातच सर्वांत महागडे खेळाडू तिथे असतात. संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असते. 2021-22 मध्ये ती 8 कोटी 15 लाख डॉलर होती आणि टोरोंटो मेपल लीफ्सने तिच्यातला जवळजवळ निम्मा भाग मॅथ्यूज, टॅवारेस, मार्नर आणि नायलंडर या चौघांवर खर्च केला होता. मग पहिल्या लाइनवरच्या तिसऱ्या जागेसाठी स्वस्त माणूस शोधण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यांनी मायकल बंटिंगला घेतलं, वर्षाला साडेनऊ लाख डॉलरवर.

बंटिंगने आदल्या हंगामात ॲरिझोनाकडून 21 सामन्यांत 10 गोल केले होते. हाच वेग 82 सामने टिकला तर 39 गोल होतात, म्हणजे तो थेट ताऱ्यांच्या रांगेत! पण हे 10 गोल केवळ 38 शॉटमधून आले होते. म्हणजे 26 टक्के शॉट गोलमध्ये गेले, आणि लीगमधल्या फॉरवर्डची सरासरी असते दहाच्या जरा वर. इथून पुढे माझा आवडता भाग सुरू होतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

समजा एका फॉरवर्डची खरी क्षमता बरोबर 10 टक्के आहे. त्याने हंगामात 150 शॉट मारले, तर 15 गोल अपेक्षित. पण प्रत्येक शॉट गोलीच्या (गोलरक्षकाच्या) पॅडला, खांबाला किंवा कुणाच्या तरी काठीला लागून कुठेही जाऊ शकतो. द्विपद वितरणाचं शाळेतलं सूत्र लावलं तर प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून साधारण किती हलतो ते) 150 × 0.1 × 0.9 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 3.7 येतं. तेव्हा 11 गोलही स्वाभाविक आणि 19 गोलही स्वाभाविक. आता असे अगदी एकसारखे 200 फॉरवर्ड घ्या. निव्वळ योगायोगाने त्यांच्यातले आठ-नऊ जण 22 किंवा जास्त गोल करतील. वर्तमानपत्रात बातमी कुणाची येणार? त्यांचीच. आपण आधी निकाल बघून माणूस निवडतो आणि त्या निकालातलं नशीबही त्याच्या खात्यावर जमा करतो.

मग नशीब वजा कसं करायचं? युक्ती सोपी आहे: खेळाडूच्या खऱ्या शॉटमध्ये काही काल्पनिक 'सरासरी' शॉट मिसळायचे. किती मिसळायचे, हे खेळाडू-खेळाडूंच्या खऱ्या कौशल्यात फरक किती यावर ठरतं. हा फरक, म्हणजे कौशल्याचं प्रमाण विचलन, दोन टक्के-बिंदू धरू. 0.1 × 0.9 भागिले 0.02 चा वर्ग, उत्तर 225. कौशल्यात फरक जितका कमी, तितके काल्पनिक शॉट जास्त. बंटिंगच्या 38 शॉटमध्ये सरासरीचे 225 शॉट आणि त्यांचे साडेबावीस गोल घातले की टक्केवारी 26 वरून 12.4 वर येते. त्याच्या शॉटच्या वेगाने 82 सामन्यांचे 148 शॉट धरले, तर अंदाज निघतो 18 गोलांचा. टोरोंटोत प्रत्यक्षात झाले 23, तेही त्या वर्षी 60 गोल मारणाऱ्या मॅथ्यूजच्या शेजारी खेळून. 39 पेक्षा 18 हा अंदाज बराच जवळचा ठरला.

या पद्धतीमागे संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांचं 1956 चं काम आहे. गणितज्ञांनाही ते पचायला जड गेलं होतं. तीन किंवा अधिक गोष्टींचे अंदाज एकदम करायचे असतील, तर प्रत्येकाची स्वतःची सरासरी वापरण्यापेक्षा सगळ्यांना एका मध्याकडे ओढलं की एकूण चूक कमी होते. पुढे एफ्रॉन आणि मॉरिस यांनी 1970 च्या बेसबॉल हंगामातले 18 फलंदाज घेतले, प्रत्येकाच्या पहिल्या 45 प्रयत्नांवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज केला, आणि चुकांच्या वर्गांची बेरीज साडेतीनपट कमी आली. गंमत म्हणजे त्यांच्यातल्या रॉबर्टो क्लेमेंटेच्या बाबतीत हीच पद्धत चुकली. त्याची सुरुवात .400 ची, म्हणजे दहा प्रयत्नांत चार यशस्वी फटक्यांची होती, सूत्राने त्याला .290 च्या आसपास खेचलं, आणि तो पुढे .346 ने खेळला. सूत्राला खरा हिरा ओळखता येत नाही. ते फक्त सरासरीने कमी चुकतं.

वर गेलेला आकडा खाली आला की आपल्याकडे 'दृष्ट लागली' म्हणतात. ताप अगदी चढल्यावर भगताकडे न्यायचं आणि उतरला की श्रेय गंड्याला द्यायचं, त्यातही हेच गणित आहे. हॉकीवाले काही फार वेगळे नाहीत. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, सुरू झाले की ते दाढी करायचं बंद करतात.

तर मग बघायचं काय? शॉट. टक्केवारी डळमळते, पण एखादा माणूस किती शॉट घेतो, गोलीच्या तोंडावर किती वेळा पोहोचतो, हे वर्षागणिक फारसं बदलत नाही. याचं उत्तम उदाहरण एकाच लाइनवर सापडतं. 2017-18 मध्ये नव्याने जन्मलेल्या व्हेगास संघाला इतरांनी मोकळे सोडलेले खेळाडू मिळाले. विल्यम कार्लसनने आदल्या वर्षी 6 गोल केले होते. इथे त्याने 184 शॉटमध्ये 43 केले, टक्केवारी 23. सगळा गाजावाजा त्याचाच. पुढच्या वर्षी 24 झाले. त्याच्या शेजारी होता जोनाथन मार्शेसो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, त्याला कुणी निवडलं नव्हतं, चार-पाच संघांची दारं हिंडून तो आला होता. त्याने अडीचशेच्या वर शॉट मारून 27 गोल केले, दहा टक्क्यांच्या नीरस दराने. 2023 मध्ये व्हेगासने स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, आणि पुढच्या हंगामात, तेहतिशीत, त्याने 42 गोल केले.

म्हणून स्वस्त फिरस्त्याला पहिल्या लाइनवर जरूर खेळवावं, पण तो शॉट घेत असेल तर, किंवा कोपऱ्यात धक्के खाऊन जोडीदारांना पक (खेळातली चकती) काढून देत असेल तर. शिवाय यात धोका फार थोडा असतो. बंटिंगला टोरोंटोने घेतलं तेव्हाच्या नियमानुसार सव्वाअकरा लाख डॉलरपर्यंतच्या खेळाडूला दुय्यम लीगमध्ये पाठवलं, तर त्याचा पगार मर्यादेत धरला जात नसे. प्रयोग फसला तरी पगारमर्यादेला झळ नाही.

झळ बसते ती प्रयोग यशस्वी झाल्यावर. 2023 मध्ये कॅरोलायनाने बंटिंगला तीन वर्षांसाठी वर्षाला 45 लाख डॉलर दिले आणि त्याच हंगामात, मार्चमध्ये, त्याला पिट्सबर्गला धाडलं. 2021 पासूनच्या तीन हंगामांत त्याचे गोल झाले 23, 23 आणि 19. पगार तेवढा पावणेपाचपट झाला.