लोहकणाचा अंगरखा

चुंबकाचे दोन तुकडे केले की दोन चुंबक होतात, चार केले की चार. पण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा कण वीसेक नॅनोमीटरइतका (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) बारीक झाला, की त्याचा स्वभावच बदलतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं तर तो जोरात चुंबकत्व दाखवतो आणि क्षेत्र काढताच ते विसरून जातो. रक्तात सोडायच्या कणाला हा विसराळूपणा हवाच, नाहीतर कण एकमेकांना ओढून गुठळ्या करतील.

एमआरआयमध्ये चित्र उमटतं ते मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांमुळे. जवळ असा लोहकण आला की त्यांची लय बिघडते, संदेश लवकर विरतो आणि चित्रात तिथे काळा डाग पडतो. मग कण कर्कपेशीवर नेऊन बसवला की झालं?

इथेच खरी अडचण सुरू होते. उघडा कण रक्तात गेला की त्याला प्रथिनं चिकटतात आणि भक्षकपेशी त्याला गिळतात. म्हणून त्याच्यावर डेक्स्ट्रान ही शर्करा किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांचं आवरण चढवतात. त्यावर फॉलिक आम्ल किंवा प्रतिपिंड (ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन) जोडतात, कारण अंडाशयाच्या अनेक कर्करोगांत पेशींवर फॉलेटचे, म्हणजे फॉलिक आम्ल धरून ठेवणारे, ग्राहक रेणू भरपूर असतात आणि स्तनांच्या काही कर्करोगांत एचईआर-२ हे प्रथिन.

गंमत म्हणजे, १९९६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या चित्रणासाठी मान्यता मिळालेल्या कणांवर असं काहीच जोडलेलं नव्हतं. यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या भक्षकपेशी, ते गिळत, निरोगी यकृत काळवंडे आणि कुप्फर पेशी नसलेली गाठ उजळ उरे. कण जिथे गेला नाही, तिथे रोग! मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

प्रतिपिंड जोडला म्हणजे कण नेमका गाठीकडेच धावतो, असा समज मात्र सोडायला हवा. त्याला नेतो तो रक्तप्रवाह. प्रतिपिंड फक्त पोहोचल्यावर धरून ठेवतो. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा सर्व प्रकारचे नॅनोकण मिळून टोचलेल्या मात्रेचा मध्यक ०.७ टक्के एवढाच भाग गाठीत पोहोचलेला दिसला. बराचसा वाटा यकृत आणि प्लीहा पळवतात.

परीक्षानळीत यकृत नसतं. तिथे ७.५ मिलिलिटर रक्तात प्रतिपिंडधारी लोहकण मिसळतात, चुंबकाने भटक्या कर्कपेशी बाजूला ओढतात आणि चमकते रंग लावून त्यांची छायाचित्रं घेतात. पसरलेल्या स्तनकर्करोगात अशा पाच पेशी सापडल्या तरी डॉक्टर सावध होतात.