घराच्या संरक्षणासाठी शस्त्र परवाना: अर्ज, कागदपत्रं आणि त्यानंतरची जबाबदारी

शस्त्र परवान्याची चौकशी करायला येणारा माणूस बहुधा आधी विचारतो, "कागदपत्रं काय काय लागतात?" कागदपत्रं आठ-दहा दिवसांत जमतात. फाइल अडते ती अर्जातल्या एकाच रकान्यावर: परवाना कशासाठी हवा. तिथं नुसतं 'स्वसंरक्षणासाठी' लिहून दिलेले अर्ज महिनोन्‌महिने टेबलांवरून फिरतात आणि शेवटी नामंजुरीचा शिक्का घेऊन परततात. म्हणून कागदांच्या आधी हा रकाना.

आपल्या राज्यघटनेनं हत्यार बाळगण्याचा मूलभूत हक्क दिलेला नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत ही एक परवानगी आहे. ती व्यक्तीला मिळते, ठरावीक प्रकारच्या हत्यारासाठी मिळते, आणि काढूनही घेता येते. "माझ्याकडे पैसे आहेत, मी टॅक्स भरतो, मग का नाही?" हा सूर तिथं चालत नाही. उलट कायद्यात असंही स्पष्ट आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही.

रिव्हॉल्व्हर की दुनळी?

अधिनियमाचं कलम १३ नीट वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी निदान २० इंच लांबीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, म्हणजे आपली बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी, तर कायद्याची भाषा परवाना देण्याच्या बाजूला झुकलेली आहे. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल किंवा मोठ्या रायफलीसाठी मात्र 'सबळ कारण आहे' याची अधिकाऱ्याला खात्री पटावी लागते. सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता धोक्यात येईल असं वाटलं तर कलम १४ खाली दुनळीही नाकारता येते, ही गोष्ट वेगळी. पण घर, वाडा, फार्महाऊस किंवा शेतवस्ती राखणं हाच हेतू असेल तर कमरेला लावायचं हत्यार मागण्यापेक्षा दुनळी मागणं अधिक सरळ पडतं. हे ऐकलं की बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो, आणि त्यातूनच मागणी गरजेची होती की रुबाबाची, ते कळतं.

बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं, गणितही आधीच समजून घ्या. ९ एमएम, .३०३ यांसारखी लष्करी-पोलिसी बोअरची हत्यारं प्रतिबंधित वर्गात येतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयच देतं आणि सामान्य नागरिकानं त्या वाटेला जाऊ नये. सर्वसामान्य परवान्यावर मिळतं ते .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२ किंवा .३१५ ची रायफल आणि बारा बोअर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. आजोबांची भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूकही या दोनात मोजली जाते.

कोकणातला शेती संरक्षणाचा परवाना हा वेगळा प्रकार. रानडुकरं, वानरं यांच्यापासून पीक राखण्यासाठी तो मिळतो. तो शिकारीचा परवाना नव्हे. डुकराला बार टाकण्याआधी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आडवा येतो आणि वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

कोणाला अर्ज करता येतो, कोणाला नाही

वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं अपात्र धरलं जातं. शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी बंधपत्र लिहून घेतलेलं असेल तर त्या मुदतीत परवाना नाही. मानसिक अस्वास्थ्य आणि व्यसनाधीनता ही तर थेट नकाराची कारणं.

नियमांनुसार विचार होतो तो मुख्यतः तिघांचा: धंद्याच्या, व्यवसायाच्या किंवा इतर परिस्थितीमुळे जीवित-मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असलेला माणूस; सैन्य, केंद्रीय दलं किंवा पोलीस यांत असलेला वा निवृत्त झालेला आणि तशी गरज असलेला माणूस; आणि शूटिंग क्लबचा किमान दोन वर्षांपासूनचा सक्रिय खेळाडू.

यातला 'खरी गरज' हा शब्द पकडा आणि रकाना त्याप्रमाणे भरा. 'परिसरात चोऱ्या वाढल्या आहेत, सबब संरक्षणार्थ शस्त्राची आवश्यकता आहे' हे वाक्य कुणाच्याही अर्जात चालेल, म्हणूनच ते तुमच्या अर्जात चालत नाही. त्याऐवजी असं: 'माझं घर गावठाणापासून अडीच किलोमीटरवर शेतात आहे. जवळचं घर हाकेच्या अंतरावर नाही. पोलीस ठाणं अठरा किलोमीटरवर आहे. घरात मी, पत्नी आणि वृद्ध आई राहतो. गेल्या वर्षी वस्तीवर घरफोडी झाली, तिच्या एफआयआरची प्रत जोडली आहे. कुंपण, दिवे आणि सीसीटीव्ही बसवले आहेत, बिलं जोडली आहेत.' शेवटच्या वाक्याला महत्त्व आहे. मुलाखतीत हमखास प्रश्न येतो की हत्याराआधी तुम्ही काय केलं? धमकी आली असेल तर तोंडी सांगू नका. साधी अदखलपात्र तक्रार का होईना, तिची प्रत हवी. पण परवान्यासाठी कुणावर खोटी तक्रार ठोकू नका, पडताळणीत ती उघडी पडते आणि अर्जासोबत पतही जाते.

अर्ज कुठे, कसा

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे शहरांत, परवाना अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. बाकी ठिकाणी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. काम त्यांच्या कार्यालयातली गृह शाखा बघते. तुमचा राहता पत्ता कोणत्या हद्दीत येतो ते आधी पाहा. शहरांच्या कडेला नवी पोलीस ठाणी आयुक्तालयात गेलेली असतात आणि लोक जुन्या सवयीनं जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालतात.

वैयक्तिक अर्जाचा नमुना ए-१. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरून छापील प्रत कार्यालयात द्यायची. सोबत जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार ताजे फोटो, हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रात शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याबरोबर व्यसन नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. नेहमीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं 'फिट' इथं उपयोगाचं नाही. याशिवाय प्राप्तिकर विवरणपत्रं, धंद्याचे दाखले, शेतकऱ्याकडून सातबारा असे कागद स्थानिक कार्यालयं मागतात. सगळीकडे यादी सारखी नसते, म्हणून कार्यालयातल्या फलकाचा फोटो काढून आणा आणि त्या क्रमानंच फाइल लावा.

फाइलमधला नमुना एस-१ म्हणजे शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हाताळणी आणि वाहतूक, गोळीबाराची पद्धत, देखभाल, साठवण आणि कायद्याची माहिती असा त्याचा अभ्यासक्रम नियमातच दिलेला आहे. मान्यताप्राप्त प्रशिक्षण कुठं मिळतं ते परवाना शाखेतच विचारा. काही लोक हे प्रमाणपत्र 'मॅनेज' करायला बघतात. माझ्या मते अख्ख्या फाइलमधला हा एकमेव कागद आहे जो उद्या तुमच्या घरातल्या माणसाचा जीव वाचवेल. मला तर वाटतं, अर्ज करण्याच्याही आधी एखाद्या शूटिंग रेंजवर एअर पिस्तुलानं चार महिने सराव करावा. कोल्हापूर, पुणे, मुंबईत नेमबाजीची परंपरा चांगली आहे. .१७७ बोअरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला परवानाही लागत नाही. चाप ओढताना आपला हात किती थरथरतो, हे तिथं स्वस्तात कळतं.

पोलीस ठाण्यातली चौकशी

अर्ज तुमच्या पोलीस ठाण्याकडे जातो. नियमानुसार ठाण्यानं ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यापासून ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्यानं निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण या मुदती माहीत असल्या की लेखी स्मरणपत्र ठामपणे देता येतं.

बीट अंमलदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, गावात पोलीस पाटलांकडे चौकशी होते. भाऊबंदकीचा वाद, सोसायटीतली भांडणं, नवरा-बायकोच्या तक्रारी हे सगळं इथं वर येतं. त्यात चूक काही नाही. घरात हत्यार आल्यावर ते बहुतेक वेळा दरोडेखोरासमोर नव्हे, तर घरच्याच भांडणात बाहेर निघण्याचा धोका असतो, आणि चौकशी करणाऱ्या जुन्या हवालदाराला ते पक्कं ठाऊक असतं. प्रलंबित गुन्हा असेल तर लपवू नका. अर्जात खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर मिळालेला परवानाही रद्द होतो.

नकार आला तर कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती मागून घ्या. अपील आदेशापासून ३० दिवसांत: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्याच्या गृह विभागाकडे. अपिलात नवं रडगाणं नको. नकाराच्या प्रत्येक कारणाला एकेक कागद लावून उत्तर द्या.

परवाना हातात आल्यावर

परवान्याची मुदत आता पाच वर्षं आहे. त्यावर तुमचा युनिक ओळख क्रमांक असतो. राष्ट्रीय डेटाबेसमधल्या या क्रमांकाशिवाय जुना-नवा कुठलाच परवाना वैध नाही. हत्याराचा प्रकार, परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो, एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. ते तिथंच, काउंटरवर उभं राहून वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या. हत्यार घ्यायचं ते परवानाधारक विक्रेत्याकडूनच. विक्रेता हत्याराचा नंबर परवान्यावर चढवतो आणि मग हत्यार तपासणीसाठी दाखवावं लागतं.

काडतुसांच्या बाबतीत लोक फार बेफिकीर असतात. '.३२ ची द्या' एवढं पुरत नाही: रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि कडेला ओठ असलेलं, पिस्तुलाचं आखूड. बोअरचं नाव एकच, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आपल्याकडची बरीच काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याची. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' असा ठसा असतो. बारा बोअरमध्ये एलजी, एसजी म्हणजे मोजके मोठे छर्रे, ४ किंवा ६ नंबर म्हणजे बरेचसे बारीक. घरासाठी निवड करताना किती जोरात लागेल यापेक्षा पलीकडे कुठवर जाईल हे बघा. मोठा छर्रा प्लायवूडचं दार सहज भेदतो, आणि दारामागे आपलीच पोरं झोपलेली असू शकतात. कोकणातल्या दमट हवेत काडतुसं हवाबंद डब्यात ठेवा, पितळेवर हिरवट डाग आलेली वापरू नका. चाप ओढून बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. कधीकधी बार उशिरा उडतो. घरी काडतूस भरण्याचा उद्योग तर अजिबात नको, त्याला वेगळा परवाना लागतो.

हत्यार रिकामं करून कुलूपबंद तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. आता कुणी म्हणेल, मग मध्यरात्री उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये, लहान मुलं असताना, उपयोग फार नाही असंच माझं मत. भक्कम सेफ्टी डोअर आणि ११२ हा क्रमांक तिथं जास्त कामाचा.

बाहेर नेताना हत्यार खोळीत किंवा होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं. लग्नात, वरातीत, वाढदिवसाला हवेत बार काढलात तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव घेण्यापर्यंतचा बचाव ठरावीक प्रसंगांतच मान्य आहे: जिवावरचा किंवा गंभीर दुखापतीचा हल्ला, जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी असे. तेव्हाही गरजेपुरताच. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव टिकवणं फार अवघड जातं.

निवडणुका लागल्या की हत्यार जमा करण्याची नोटीस येते. ती सरसकट सगळ्यांना काढायची नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या एका प्रकरणातील निकालानंतर निवडणूक आयोगानं २००९ मध्ये छाननी समितीची पद्धत घालून दिली. पेट्रोल पंप, सराफी दुकान असं कारण असेल तर या समितीकडे लेखी सवलत मागता येते. सवलत मिळेपर्यंत मात्र नोटीस पाळा आणि जमा केल्याची पावती घ्या.

नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन-तीन महिने आधी द्या. मुदत संपलेला परवाना आणि घरात हत्यार ही स्थिती विनापरवाना बाळगण्याच्या जवळ जाते, आणि त्या गुन्ह्याला किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आहे. परवानाधारक सत्तरीला पोचला, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, तर तो हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करायला लावू शकतो. वारसाची पात्रता आणि चौकशी नव्यानंच होते. वडील अचानक गेले तर दिवसकार्य उरकेपर्यंत बंदूक कपाटात ठेवू नका. मृत्यूचा दाखला हातात येण्याची वाट न पाहता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, आणि त्या पावतीची प्रत वारसाच्या अर्जाला जोडा.